वाती वळणारा हात

सकाळच्या उन्हात ओसरीवर बसून माझी पत्नी सुमन देवासाठी वाती वळते आहे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांत कापूस बारीक पिळला जातो. तो हात बघताना माझी छाती अभिमानाने भरून येते.

गेल्या वर्षी अशाच वाती वळताना तिच्या हातून कापूस गळला. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. "अंगावरून वारं गेलंय," म्हणत मी तेल कोमट करून तिचा हात चोळत बसलो. तेवढ्यात आमची सून मीरा आली.

"आई, हसून दाखवा. आता दोन्ही हात वर करा."

उजवा हात वर गेलाच नाही.

"बाबा, तेल राहू द्या! हा मेंदूचा झटका आहे. आत्ताच्या आत्ता निघायचं."

इस्पितळात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. मग कित्येक महिने सुमनने रडत, चिडत त्या बोटांना पुन्हा कापूस धरायला शिकवलं.

लोकांनी श्रेय मात्र मला दिलं आणि मी ते मुकाट घेतलं. आत्ताही शेजारचा वसंता फाटकातून म्हणाला, "अण्णा, तुमच्यामुळे वहिनी वाचल्या."

"माझ्यामुळे नाही रे. मी तेल चोळत वेळ घालवत होतो. मीराने ओळखलं, म्हणून हा हात चालतोय."

सुमनने वातीवरची नजरही काढली नाही. "ऐकलंस ना, वसंता? लकवा मला झाला, आणि बोलायला वर्ष यांना लागलं."