झाक्लिनाच्या नखपट्ट्या

क्रुशेवाचच्या बसस्थानकावर तिकिटं देणाऱ्या झाक्लिनाचा चेहरा फारसा कुणाच्या लक्षात राहायचा नाही. तिचे हात मात्र गावभर ओळखीचे होते. काचेखालच्या फटीतून तिकीट सरकवणारी ती नखं कधी गर्द लाल असायची, कधी निळी, कधी ठिपक्याठिपक्यांची. बायका रांग अडवून विचारायच्या, "अगं, कुठे करून घेतेस?" आणि ही ऐटीत सांगायची, "घरीच! पट्ट्या चिकटवते."

या पट्ट्यांनी तिला वेड लावलं होतं. कागदावरून सोलायची, नखावर बसवायची, कडा घासून टाकायची, झालं. पुढे पुढे कुठली कंपनी टिकते आणि कुठली नुसताच भाव खाते, हे ती पडताळून बघायला लागली. डाव्या हाताला एक कंपनी, उजव्याला दुसरी, आणि दोन्ही हात घरकामाला जुंपायचे. आयवारची चटणी घालताना भाजलेल्या मिरच्यांच्या ढिगाची सालं काढावी लागत. त्या परीक्षेत भल्याभल्या पट्ट्यांनी मान टाकली होती. या सगळ्याचे व्हिडिओ ती फोनवरून टाकायची. बघणाऱ्या बायका वाढत होत्या आणि झाक्लिनाला कौतुकाची चटक लागली होती. चटक वाईटच.

मित्रोवदान जवळ आला. तो झाक्लिनाच्या सासरच्या घराण्याच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. त्या दिवशी पाद्री घरी येतो, कोलाच नावाचा सणाचा पाव मंतरतो आणि घरच्यांसोबत तो मोडतो. हा कोलाच आजवर सासू, विदोसावा, मळत आली होती. सून म्हणून आल्यापासून झाक्लिनाच्या वाट्याला कोबीच्या पानांत सारण भरून सार्मा वळणं आणि भांडी घासणं एवढंच. यंदा मात्र म्हातारीची बोटं वळेनात.

"यंदा तू मळ," आदल्या दिवशी विदोसावा म्हणाली. ते सांगताना तिला किती जड गेलं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "पण नखांवरचं ते काढ आधी."

"काढते, आई."

काढलं नाही. दोन नव्या कंपन्यांच्या पट्ट्या आठवडाभर बरोबरीनं टिकल्या होत्या, आणि कडक पीठ मळण्याइतकी चांगली परीक्षा पुन्हा कुठून मिळणार? म्हातारी खोलीत मेणबत्ती शोधत होती. झाक्लिनानं साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि पिठात हात घातले. मध्येच विदोसावा दारात येऊन गेली. झाक्लिनानं मुठी पिठात खोल दाबल्या. म्हातारी जराशी हसली.

कोलाच भट्टीत गेला. हात धुताना पाहते तर उजव्या अनामिकेचं नख उघडं! महागातली पट्टी, वर दर्जाची हमी दिलेली. मोरी पाहिली, परात पाहिली, कचरा उपसला. पिठाची अख्खी पिशवी घरात होती. दुसरा कोलाच सहज झाला असता. पण मग सांगावं लागलं असतं. मोरीतून वाहून गेली असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत खोटी आहे हे तिला त्याच क्षणी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाद्री गाव्रिलो आले. कोलाचावर वाइन ओतली गेली, सगळ्यांनी मिळून तो फिरवला आणि नवरा मिओद्राग तुकडे वाटू लागला. झाक्लिना आपला तुकडा हातातच धरून राहिली. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. पाद्री चावत होते, काही नाही. मिओद्राग, काही नाही. त्याची आत्या रोसांदा, जिला कुठे माशी शिंकली ते सांगायला आवडतं, तीही निवांत खात होती.

विदोसावाचा जबडा थांबला.

तिनं जिभेनं काहीतरी पुढे आणलं. ओठांत क्षणभर लाल कड चमकली. मंतरलेला घास थुंकत नाहीत, आणि पाद्री समोर बसलेले. म्हातारीनं सुनेच्या हाताकडे एकदा पाहिलं, वाइनचा घोट घेतला आणि गिळलं.

"का गं, थांबलीस का?" रोसांदानं विचारलंच. "कच्चा राहिला का सूनबाईचा?"

"कच्चा कसला? माझ्यापेक्षा चांगला मळलाय. तू खा मुकाट्यानं!"

सगळे हसले. झाक्लिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात सासूसमोर उभी राहिली. "आई, मी काढल्या नव्हत्या. आणि पट्टी गेली ते मला कालच कळलं होतं."

"हं." विदोसावा खुर्चीत टेकली. "लागली बाई घशाला."

"आई, मला…"

"तो काल घेतलेला व्हिडिओ दाखव बघू."

झाक्लिना गारठली. "तुम्हाला कसं…"

"अगं, फोन उभा केलेला दिसला ना मला. म्हटलं, चला, आमचा कोलाच दाखवतेय लोकांना. सासूनं शिकवलेला मला, तिला तिच्या सासूनं. म्हणून तर हातांकडे नीट बघितलंच नाही मी तुझ्या. तुझ्या त्या बायांना आवडेल का गं आपला कोलाच?"

झाक्लिना नको नको म्हणत राहिली. म्हातारीनं चष्मा लावला, फोन स्वतःच उचलला आणि तिच्यापुढे धरला. तिला तो उघडून द्यावा लागला.

आधी डावा हात आला, मग उजवा, मग एकेक बोट जवळून, आणि झाक्लिनाचा लाडिक आवाज, "बघा हं मैत्रिणींनो, आता खरी कसोटी!" विदोसावा शेवटपर्यंत डोळे बारीक करून बघत होती. कोलाच कुठेच दिसला नाही.