बोलायच्या बाई

नवरा गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा ती तिसरीत होती. 'पाणी' म्हणायचं तर ओठ 'प'वरच मिटायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. शाळेत मुली नकला करायच्या. द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहत होतो आणि मी कचेरीत टायपिस्ट होते.

एकदा निफाडहून धाकटे दीर आले. म्हणाले, "वहिनी, गंगापूर रोडला एक बाई हायेत, बोलायचे व्यायाम घेतात. माझ्या ओळखीच्या हायेत. घेऊन जा पोरीला."

मला नवल वाटलं. "पोर आमच्याकडं राहू द्या," यापलीकडे त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. पण असं शिकवणारं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. गेले.

बाई गोड होत्या. आरशासमोर बसवून हळू फुंकर मारायला, शब्द लांबवून म्हणायला शिकवायच्या. सुरुवातीला लेक हसत बाहेर यायची. मग एका शनिवारी ती रिक्षातून उतरेचना. दांडी घट्ट धरून बसली. ओढून आत नेली, तर तासभर तोंड मिटून.

"हट्टी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकट्या, लाडावली असेल."

ते मला लागलं. बाई मारत तर नसतील? अंघोळ घालताना मी तिची पाठ, दंड बघितले. काही नव्हतं. दाराच्या फटीतून डोकावले, तर आत नुसता आरसा आणि त्यात माझी मुकी पोर. पुढचे कित्येक शनिवार हेच. विचारलं की मान हलवायची.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "त्या बा... बाई काकांना सांगतात."

"काय सांगतात?"

"तू रात्री रडतेस आणि मी तुझी साडी घेऊन झोपते ते. मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. काका मागं घरी आले तेव्हा म्हणाले, आई रोज रडते ना? मग तिकडं चल, आजीकडं."

मी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

बाईंना विचारलं, तर त्या गोंधळल्या. "अहो, ते घरचेच ना? येऊन विचारतात, पोरगी आईबद्दल काय बोलते म्हणून. काळजी वाटते त्यांना."

मी लेकीला घेऊन तिथून निघाले. दिरांनाही तोंडावर विचारलं. "वहिनी, तुम्ही लय संशयी झाल्या," ते म्हणाले. पण त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. त्यांच्या मनात खरंच काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तसाच एक आरसा विकत घेऊन घरी आणला. दार लावून आम्ही दोघी फुंकरा मारायचो, शब्द ताणायचो. बरंच सुधारलं, सगळं नाही.

दहावीच्या वर्षी तिला झोप लागेना, जेवण जाईना. मनाच्या डॉक्टरांकडे जायला ती महिनोन्‌महिने तयार नव्हती. शेवटी आली, ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी बोलले तर ते तु... तुम्ही कुणाला सांगता?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही. मग तेही गंभीर झाले. "कुणालाच नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, तू बाहेर थांब."

मी बाहेर आले. बंद दारातून तिचा आवाज येत होता, अडखळत, पण न थांबता. शब्द कळत नव्हते. माझ्याबद्दल काय सांगत असेल, याचाच विचार मी करत राहिले.