काकाची अँबॅसडर आणि जळकं ऑइल

आमच्या वस्तीत पहिली चारचाकी आणली ती माझ्या काकाने. जुनी अँबॅसडर, नांदेडच्या एका डॉक्टरांनी भरपूर वापरून सोडलेली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं भाड्याच्या घरांत उघडत होती आणि साहेबांना फिरायला सरकारी गाड्या पुरत नव्हत्या. काकाने गाडी एका ऑफिसला लावली आणि चालवायला मला बसवलं. वडील गेल्यापासून मी त्याच्याच घरी वाढलो होतो, त्यामुळे मला विचारायचा प्रश्न नव्हता. लायसन त्यानेच काढून दिलं आणि म्हणाला, आता तुझं झालं.

माझं काय झालं ते पुढच्याच उन्हाळ्यात कळलं. पाऊस दोन वर्षं दगा देऊन गेला होता. टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असताना गाडी धुवायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. त्यात जिकडेतिकडे दुष्काळी कामं: अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावर खडी. दिवसभर मी साहेबांना घेऊन त्या खडीवरून हिंडायचो. धूळ गाडीच्या पोटात जाऊन बसायची आणि वळताना पुढची चाकं कुईकुई करायची. काकाला तो आवाज सहन व्हायचा नाही. दर रविवारी तो गाडीखाली सरपटत जाई आणि चाकांजवळच्या पिना, सांध्यांतले रबरी बुश, जे हाताला लागेल त्यावर इंजिनातून काढून डब्यात साठवलेलं जळकं ऑइल ओती. त्याच्या बापाने जन्मभर बैलगाडीच्या आखाला वंगण घातलं होतं. कुरकुरलं की घाल तेल, ही रीत. काकाने ती जशीच्या तशी मोटारीला लावली.

कुरकुर थांबायची. काका बाहेर येऊन हात पुसत म्हणायचा, बघ, सुधारली. सुधारते कसली, नुसती गप्प व्हायची. तेलाने रबर फुगून मऊ पडलं होतं आणि तेलाला चिकटलेली धूळ पिना खात होती.

मला ते हाताला कळायचं. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढायची, ब्रेक मारला की जास्तच. पुढचे टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झाले होते. एकदा जेवताना मी काकाला म्हणालो की पुढचं सगळं झिजलंय, पिना आणि बुश बदलायला हवेत. सामान हैदराबादहून येईल, तोवर गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवू. 'उभी' म्हटल्यावर काकाचा घास थांबला. तुझे हातच ढिले आहेत, म्हणाला. काकूने माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता ऐकवलं की जिच्यावर पोट आहे तिला नावं ठेवू नयेत.

मग मी बोलणं सोडलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे त्या साली दोन्ही कोरडे होते, उडी मारायचीही सोय नव्हती. गाडी चालवावी तर भीती, नको म्हणावं तर झोपायला दुसरं घर कुठलं? सकाळी गाडीचं दार ओढून घेतलं की बाहेरून कुणी कडी घातल्यासारखं वाटायचं. मागे साहेब निवांत पेपर वाचत असायचे आणि समोरून ट्रक आला की मी गाडी पार कडेला घ्यायचो.

अशात ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे काकाची थोरली मुलगी, माझ्याहून जरा मोठी. लग्न नवरदेवाकडे, निलंग्याच्या पुढच्या एका गावात. काकाने वस्तीभर सांगून टाकलं की नवरी स्वतःच्या गाडीतून जाणार. चालवणार अर्थात मी.

लग्नाच्या आदल्या दुपारी मला राहवेना. मी पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि ताईला म्हणालो, आत बस आणि ब्रेक दाबून धर. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर खटखट आवाज आला. नुसतं बेअरिंग ढिलं असतं तर ब्रेक दाबल्यावर तो हेलकावा थांबला असता. तो थांबला नाही. म्हणजे ज्या पिनेवर चाक वळतं तीच गेली होती. ताईने आतून विचारलं, "लई वाईट हाय का रे?" मी उत्तर देण्याआधीच काका मागे येऊन उभा राहिला.

मी त्याचा हात धरून खाली पिनेजवळ ठेवला आणि चाक हलवलं. त्याच्या बोटांखाली ते खटकलं. मी पुन्हा हलवलं. त्याने हात काढून घेतला नाही.

तो म्हणाला, "गाडी उभी केली तर लोक काय म्हनतील ठाऊक हाय? ह्यांना झेपली न्हाई, म्हनतील. आनली तवापासून वाट बघून राहिलेत समदे."

ते खोटं नव्हतं. गाडी दारात आली त्या दिवशीच पलीकडच्या आळीतला एक मोठा बागाईतदार, चाकं किती दिवस टिकतील, असं हसत विचारून गेला होता. ते मलाही डाचलं होतं. त्यामुळे काकाचा राग धड धरताही येईना. तो उठून घरात गेला. ऑइलच्या डब्याला त्याने हात लावला नाही. मला वाटलं, कळलं त्याला, आता आपण सुटलो.

सकाळी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. शेजारी वऱ्हाडाची एसटी उभी होती. बौद्ध लग्नाच्या पांढऱ्या साडीतली ताई गाडीकडे निघाली तेव्हा काकाने तिचा दंड धरून तिला एसटीकडे वळवलं. बायकांना म्हणाला की नवरीने वऱ्हाडासोबत जावं, एकटीने जाणं बरं दिसत नाही. असली रीत आमच्यात कुणी कधी ऐकली नव्हती; पण त्या दिवशी मुलीच्या बापाशी कोण वाद घालणार? ताईने पायरीवरून एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. काकू चढली, पोरं चढली, म्हातारी माणसं चढली. मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्यामागे चढायला निघालो.

काका मला आडवा आला. "तू गाडी घेऊन ये मागं," म्हणाला. "माळा घातल्यात. मांडवापुढं दिसली पायजे."

मी खिशातली किल्ली पुन्हा बाहेर काढली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सावकाश आन." मग तो एसटीत चढला आणि मुलीशेजारी जाऊन बसला.

निलंग्याच्या रस्त्यावर खडीच होती. एसटीच्या धुळीत मी बैलाच्या चालीने गाडी हाकत होतो. दर खड्ड्याला स्टिअरिंग हातात उडायचं आणि मी दोन्ही हातांनी ते दाबून धरायचो. मागची सीट रिकामी होती. इतके दिवस मी समजत होतो की काकाला माझं बोलणं खरं वाटत नाही. ते त्याला पुरतं पटलं होतं, म्हणून तर ताई एसटीत होती. गाडीत मी होतो.