पाणबुडीचा नवस

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. ह्यांच्या पोटदुखीपासून जावेच्या बाळंतपणापर्यंत मी सगळ्यांसाठी नवस बोलले आणि फेडले. पण एका नवसानं माझी जी गत केली, ती अजून मलाच नीट उमगलेली नाही.

लेकीनं होस्टेलला जाताना कॉम्प्युटर घरी ठेवला. त्यावर जगभरच्या बातम्या दिसतात, एवढं तिनं मला सांगितलं होतं. एका दुपारी मी डाळ निवडत होते. बघते तर आमचे हे, शाळेत गणित शिकवणारे, कधी आवाज न चढवणारे, त्या पडद्यापुढे घामाघूम! पडद्यावर काळंहिरवं पाणी, त्यात एक लांबडी पाणबुडी आणि लोखंड करकरल्याचा आवाज.

"काय झालं हो?"

"खाली अडकलीय. चव्वेचाळीस माणसं आहेत आत. हवा संपत आली."

"कुठली माणसं?"

"जर्मन. आता बोलू नको."

जर्मन असली म्हणून काय, त्यांना आया नसतील? मी तशीच उठले, देवापुढे बसले. राजूरच्या गणपतीला म्हटलं, सगळे सुखरूप वर येऊ देत. येत्या चतुर्थीला जालन्याहून अनवाणी चालत येईन, माणशी एक मोदक ठेवीन, तोवर मीठ खाणार नाही. शेजारच्या शांताबाईंना सांगितलं, तर त्याही अथर्वशीर्ष म्हणायला येऊन बसल्या.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "आली का वर?"

"कुठली! बुडाली. सगळे गेले."

मी डोळ्यांना पदर लावला, तोवर हे म्हणतात, "मग पहिल्यापासून सुरू केली. आत्ता आली बघ."

आता तुम्हीच सांगा, गेलेली माणसं अशी परत येतात? हा खेळ आहे, त्यातलं महायुद्ध साठ वर्षांपूर्वीच संपलं, असं ह्यांनी मला तीनदा समजावलं. शेवटी मी एवढंच विचारलं, "पण वर आली ना?"

"आली."

"मग नवस फेडावा लागेल."

चतुर्थीला आम्ही दोघं अनवाणी निघालो, तशा शांताबाईही निघाल्या. खेळाचं त्यांना सांगायचा मला धीर होईना. राजूर जवळ आलं तशा त्यांनी ह्यांना विचारलं, "भाऊजी, पोचली का वो ती माणसं घरी?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "घरी कसली? काल तीन जहाजं बुडवली त्यांनी."

शांताबाई रस्त्यातच थांबल्या. मग मला सगळं सांगावंच लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"खेळ असंल वैनी, पण देवाला तर आपण खरंच सांगितल्तं ना? मंग हे जहाजं बुडवणं बराबर न्हाई."

मलाही पटलं. मोदक ठेवले आणि गणपतीला शब्द दिला, आमच्या घरातून यापुढे एकही जहाज बुडणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ह्यांच्या मागे सतरंजी टाकून पहाऱ्याला बसलो. माझ्या हातात जपमाळ. पाणबुडी गुमान चालली होती. तेवढ्यात वरून एक जहाज आलं आणि पाण्यात बॉम्ब टाकायला लागलं. आतले दिवे गेले, पाणी शिरलं, माणसं ओरडायला लागली.

"टॉर्पेडो सोडला तर वाचतील," ह्यांनी हात बाजूला घेतले. "पण तू शब्द दिलायस. तू म्हणशील तसं."

मी नुसते मणी ओढत होते. शांताबाई म्हणाल्या, "वैनी, बुडून राह्यले ते!"

"अहो, बघता काय? सोडा ते!"

जहाजाचे दोन तुकडे झाले. मी मान खाली घातली.

थोड्या वेळानं ह्यांनी हळूच विचारलं, "दुसरं एक येतंय. त्याचं काय करू?"

मी मान वर केली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "जरा जवळ येऊ द्या."