पावडर पचवलेले सोंडे

लेकीच्या संशोधनाची बरणी मी घासूनपुसून लख्ख केली आणि आतल्या तांदळाची खीर केली. वयाचं कारण सांगावं तर तेव्हा मी पन्नाशीची, चष्मा लावणारी, टापटिपीसाठी बालाघाटातल्या आमच्या गल्लीत मिरवणारी बाई. “माझ्या कोठीत किडा दाखवा आणि साडी घेऊन जा,” असं हळदीकुंकवाला खुशाल बोलायची. साडी कुणी नेली नाही, कारण मागच्या खोलीत मी कुणाला जाऊच देत नसे.

लेक जबलपूरला कीटकशास्त्र शिकत होती. सुट्टीत आली ती तोंडाला मलमल बांधलेली बरणी घेऊन. आत तांदूळ, अन् तांदळात सोंडे. बरणी तिनं बैठकीच्या खिडकीत मांडली. नेमके त्याच आठवड्यात तिला बघायला तुमसरहून पाहुणे यायचे होते. होणाऱ्या विहीणबाईंना पहिलं दर्शन किड्यांचं? पाहुणे यायच्या दिवशी सकाळी लेक मैत्रिणीकडे गेली तशी मी बरणी गच्चीवर नेली आणि तांदूळ चादरीवर पसरला. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन ते! सोंडे वाट फुटेल तिकडे पळाले, मागे राहिले त्यांच्यावर चिमण्यांची पंगत बसली. तांदूळ पाखडला, धुतला. आमच्याकडचा वासाचा चिन्नोर तांदूळ होता हो, टाकवेना. बरणीत साखर भरली.

पाहुणे आले. लेक चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, खिडकीकडे पाहिलं आणि तिथंच थबकली.

“आई, माहे सोंडे कुठं गेले?”

विहीणबाईंचा खिरीचा चमचा ओठांशी थांबला.

“अवं, उन्हात टाकले होते,” मी हळूच म्हणाले.

“अन् तांदूळ?”

मी खिरीच्या पातेल्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

“भिऊ नका,” लेक पाहुण्यांना धीर देत म्हणाली, “त्यात औषध नव्हतं. औषध तं मी पुढं देणार होती.”

पाहुण्यांना एकदम तुमसरची बस आठवली.

लेक रडली, पण पाहुण्यांसाठी नव्हे. “ते साधे सोंडे नव्हते, आई. गोदामात सालोसाल पावडर मारली, तरी जगले त्यांचे लेकरं होते. सरनं भरवशानं देले होते. आता कशावर काम करू? आता पुन्हा कोण देते मले?”

“पण पावडरीनं मेले कसे नाही ते?” मी विचारलं. बोलायला लावलं की तिचं रडं थांबतं, हे मला ठाऊक होतं.

नाक पुसत तिनं शिकवायला घेतलं. म्हणे किड्याच्या अंगात विष मोडणारी एन्झाइमं असतात आणि ती घडवणाऱ्या जीन्सची मोठाली कुळं असतात. एका मूळ जीनच्या नकला होत गेल्या, दर नकलेत थोडा फरक पडला, तसं कूळ वाढलं. एक कूळ विषाचं रूप पालटतं, दुसरं त्याचे तुकडे करतं, तिसरं त्याला शेपूट जोडून अंगाबाहेर धाडतं.

“म्हणजे लग्नघरच की,” मी म्हणाले. “एक जाऊ निवडते, दुसरी चिरते, तिसरी पाहुण्यांना वाटेला लावते.”

“हौ,” ती हसलीच. “अन् ज्याच्या घरच्या जावा जास्त कामसू, तो सोंडा पावडर पचवून जगते. त्याचेच लेकरं पुढं वाढते. म्हणून तं सालोसाल एकच पावडर मारलेल्या जागचे पाह्यजे होते मले. असे सोंडे कुठं भेटन आता?”

कुठं भेटतील ते मला चांगलं माहीत होतं. पण सांगायचं म्हणजे गल्लीतली सगळी मिरवणूक एका वाक्यात संपायची. लेकीनं पुन्हा डोळे पुसले. मग मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिला मागच्या खोलीत नेलं.

तिथं बियाण्याच्या भाताची पोती होती. लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी त्यांच्यावर तीच पावडर मारत आले होते, आणि किडे वाढले की आणखी मारत होते. पोत्याचं तोंड सोडलं. आत नुसती वर्दळ.

“आई!” लेक किंचाळली. मला वाटलं, शिसारी आली. तर ती पोत्यात हात घालून नाचायला लागलेली. “अवं, एवढे! अन् कसे गुबगुबीत!”

तिनं बरणीतली साखर परातीत ओतली, बरणी सोंड्यांनी भरली आणि ती उराशी धरून जबलपूरच्या गाडीत बसली. त्यांच्यावर औषध चालतं की नाही, यावर तिचं सगळं काम अडलं होतं. मी इकडे देवाला हात जोडून सोंड्यांना आयुष्य मागत होते. माझ्यासारख्या बाईवर काय वेळ आली पाहा!

पुढच्या महिन्यात फोन वाजला.

“आई, औषध देलं, एकही नाही मेला! सर पोट धरून हासले. म्हने, ‘तुमच्या घरी माणसं कशी जगतात?’”