उरेब कापलेला ब्लाऊज

गेल्या महिन्यात एका मासिकातून फोन आला. कपड्यांची, फॅशनची आवड असणाऱ्या वाचकांना तुम्ही कोणती कादंबरी सुचवाल, त्यावर लिहून द्या, असं त्या बाई म्हणाल्या. मी भिडेखातर हो म्हटलं आणि अजून एक ओळही लिहिलेली नाही. कादंबरी ठरलेली आहे. शोधायला नको. पण मी ती एकदा सुचवलेली आहे आणि त्याचं काय झालं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळायची. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं, तीही दूध संस्थेच्या खोलीत. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जनावरं छावणीला गेलेली, दुधाचे कॅन भिंतीशी पालथे घातलेले. रिकामी खोली कशाला ठेवायची म्हणून संस्थेच्या चेअरमननी तिथं बायकांचं शिवणकेंद्र काढलं. सहा मशिनी आल्या, माझी कपाटं कोपऱ्यात सरकली. मला वाटलं, चला, आयत्या वाचक मिळाल्या. पण त्यांना हवी असायची पेपरची रंगीत पुरवणी, तीही गळ्यांचे नमुने बघायला. नटीचं तोंड दुमडून खाली घालायच्या आणि गळा तेवढा वर ठेवायच्या.

त्यांच्यात एक जण होती, पंचविशीतली. नांदायला जाऊन परत माहेरी आलेली, भावाच्या घरात राहणारी. हात असा, की खडूची रेघ एकदा मारली की पुसायची गरज नाही. एके दिवशी टँकरच्या रांगेत घागर ठेवून ती आत आली आणि पुरवणी जुनी निघाली म्हणून हिरमुसली. मी कपाटातून ती कादंबरी काढली. एका शहरात शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाईची गोष्ट, पानोपानी कपडे. मी म्हटलं, चित्र नाही यात, पण वाच, लेखकाला कपड्यातलं कळतं. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मला स्वतःला साधा हूक नीट लावता येत नाही.

तिनं ती आठवडाभरात वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. दुपारी बाकीच्यांना वाचून दाखवायची. मी टेबलाशी बसून मनातल्या मनात फुशारत होते.

त्या वैशाखात चेअरमननी सामुदायिक विवाह ठरवला. एका मांडवात सगळ्या गावांतल्या पोरी, सगळ्यांना एकसारखी साडी, एकाच ताग्यातला ब्लाऊज. स्वतःची लेकही त्यातच उजवणार, असं त्यांनी जाहीर केलं. ब्लाऊजचं काम केंद्राला मिळालं आणि कापायचं काम तिला. हे नीट पार पडलं तर कटिंगला कायमची तीच, असं चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले. नाही तर तिच्यापुढं काय होतं ते आम्हाला माहीत होतं. दिवाळीनंतर भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला. ती एकदा जाऊन आली होती आणि त्याबद्दल कधी बोलत नसे.

लग्नाला चार दिवस असताना चेअरमनच्या मंडळी, आमच्या काकू, एक पिशवी घेऊन आल्या. नवऱ्यानं मोठेपणा मिरवला तरी आईचा जीव कुठं राहतो? त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या शालूचं जपून ठेवलेलं कापड आणलं होतं. जेमतेम एका ब्लाऊजचं, जरीकाठाचं. माझ्या लेकीचा यातून शिव, जरा वेगळा दिसू दे, एवढंच त्या म्हणाल्या.

वेगळा म्हटल्यावर तिनं कादंबरीतलं पान काढलं. त्यातली बाई एका नवरीची चोळी सबंध उरेब कापते, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याला धरून नाही तर तिरकी, मग ती अंगावर सुरकुती न पडता बसते. मला तिनं विचारलं, हे खरंच होत असंल का, ताई? मी म्हटलं, पुस्तकात दिलंय म्हणजे होत असणारच. तिनं आधी पेपरवर बेतून पाहिलं. बरोबर बसलं. मग तिनं कापडाला कात्री लावली.

पेपरला काठ नसतो. कापडाला होता, आणि जरीचा काठ तिरका घेता येत नाही, तो सोडावा लागला. बाह्या झाल्या, पुढची बाजू झाली, आणि पाठीला कापड उरलं नाही. तिनं उरलेले तुकडे सारखे करून पाहिले, फिरवून पाहिले. खोलीतल्या सगळ्या मशिनी थांबल्या होत्या. मी मशिनीवरची कादंबरी उचलून ते पान पुन्हा वाचलं. दुकानातल्या बाईच्या मागं कापडाचे तागेच्या तागे रचलेले होते. लेखकानं तसं लिहिलंही होतं. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस माझे जे गेले ते गेले. चेअरमनना कळलं तर कपाटं उचला म्हणतील, ही एक धास्ती. तिचं कटिंग जाईल, ही दुसरी. कुठली मोठी होती, ते मी स्वतःला विचारलं नाही. तिनं मात्र बाकीच्या पोरींच्या ताग्यातलं कापड घेऊन पाठ जोडली, इतकी सफाईनं, की मला वाटलं, निभावलं.

काकूंनी ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला आणि खाली बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ जरीवरून बोट फिरवत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, "असं कावून कापलंस गं? कुणी सांगितलं तुला?"

कादंबरी मशिनीवरच होती, आतल्या पानात खडूचा तुकडा घातलेला. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"कुणी न्हाई, काकू," ती म्हणाली. "माझ्याच मनानं केलं."

मी रजिस्टर उघडलं आणि खाली बघत राहिले.

लग्नात चेअरमनच्या लेकीनं बाकीच्यांसारखाच ताग्यातला ब्लाऊज घातला. माझी लेकही सगळ्यांसारखीच, असं चेअरमन माईकवर म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यापासून कटिंगला युसूफ वडगाव या गावाहून एक टेलर येऊ लागला. तिला हूक आणि काजाला बसवलं. माझी कपाटं होती तिथंच राहिली.

कादंबरी तिच्याकडेच होती. मुदत संपली, मी मागितली नाही. मागायची म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं असतं. पाऊस त्याही वर्षी तसाच गेला. दिवाळीनंतर ट्रक लागला त्या सकाळी ती डोक्याला फडकं बांधून वाचनालयात आली. पुस्तकाला तिनं उरलेल्या चिंध्यांचं कव्हर शिवलं होतं. ते टेबलावर ठेवून म्हणाली, "लई चांगलं हाय, ताई. असंच कपड्याचं दुसरं हाय का? तिकडं कारखान्यावर वाचीन."

दुसरं होतं. खालच्या कप्प्यात, डावीकडे. मी भ्याले. पुस्तक हरवेल म्हणून, काकूंना कळेल म्हणून, आणि तिनं पुन्हा माझ्या शब्दावर कशालातरी कात्री लावली तर म्हणून. मी कपाटाकडे वळलेही नाही. नाही, असं दुसरं नाही, म्हणाले.

तिनं तेही खरं मानलं. बरं म्हणाली आणि ट्रककडे गेली.