शटरवरच्या सावल्या

फोटो जोडून देणाऱ्याने मला फसवलं. दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोत त्याने माझ्या वडिलांना उभं केलं, पण त्यांची सावली पाडली नाही.

वडील हे दुकान बघायला राहिले नाहीत. आत्याच्या लग्नातल्या फोटोतून त्यांना उचलून आमच्या रांगेत आणलं. मला बघताक्षणी पटलं. आईने मात्र फोटो खिडकीशी नेला आणि म्हणाली, "अरे, तुमच्या सगळ्यांच्या सावल्या शटरवर पडल्यात. यांना एकट्यांनाच ऊन लागलेलं नाही."

तेव्हापासून मी माणसांआधी सावल्या बघतो. सकाळी दुकानासमोर गिऱ्हाईक, हमाल, कुत्रं, सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडतात. ऊन कुणाशी घासाघीस करत नाही. आठवडी बाजारात वडील उघड्यावर उभे राहून दोरखंड विकायचे आणि मी त्यांच्या सावलीत बसायचो. ऊन सरकलं की तेही तेवढेच सरकायचे.

फोटोवाल्याला जाऊन झापलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, सावली जुळवायचं काम वेगळं, हे मी आधीच सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, सावली कोण बघतंय? ती सोड आणि भाव कमी कर."

म्हणालो होतो. पण मी कुठेही गेलो तरी भाव पाडतोच, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. माझ्या वडिलांची सावली सोडायला तो हो कसा म्हणाला, याचं उत्तर त्याने मला दिलंच पाहिजे.